ओठांनी दाखवलेलं दार

“माफ कर हं एलिसेओ, माझ्यामुळे तुझी मान खाली गेली,” असं डोन्या एदुविना पावाच्या दुकानात रांगेतल्या सगळ्यांच्या देखत म्हणाली आणि एलिसेओ कार्कामोच्या हातातली कापडी पिशवी गळून पडली. ती उचलायला तो वाकला आणि गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ वाकून राहिला. लोकांच्या बुटांबरोबर आत आलेल्या बर्फाचं फरशीवर काळपट पाणी झालं होतं. त्यात पिशवी भिजली होती. त्याला वाटलं, ती पिळत इथंच खाली बसून राहावं आणि रांग पुढं सरकू द्यावी. पण डोन्या एदुविना सत्तरी ओलांडलेली असली तरी समोरच्याच्या चेहऱ्यात वाकून बघायला तिला काही अडचण नव्हती. भिंतीला भिंत लागून राहणारी ही शेजारीण, जिला गाव मानानं डोन्या म्हणायचं, डोक्याला दोन रुमाल बांधून, नवऱ्याचा जुना कोट घालून, त्याच्यासमोर चक्क अपराध्यासारखी उभी होती.

“रोज सकाळी तू रेडिओवरून घसा फोडून सांगतोस, आज लाल दिवस आहे, चुली पेटवू नका, हवा विषारी झाली आहे. आणि तुझ्याच भिंतीपलीकडची मी! माझ्याच धुराड्यातून धूर! लोक तुला काय म्हणत असतील?”

“लोक काय म्हणणार?” काउंटरमागून मारुका पाव मोजता मोजता म्हणाली. “लोक म्हणणार, एवढ्या थंडीत चूल नाही पेटवायची तर काय एकमेकांच्या तोंडची वाफ घ्यायची? त्यापेक्षा त्या एलिसेओलाच घाला चुलीत. चांगला गुबगुबीत आहे, ऑगस्टपर्यंत पुरेल.”

“ओला आहे तो, धूर करेल,” रांगेतला कोणीतरी म्हणाला आणि सगळे हसले. एलिसेओही हसला. हसताना त्याच्या गालांना ताण पडला.

“हसू नका रे,” डोन्या एदुविना म्हणाली. “एलिसेओ, उद्या त्या धुराच्या कचेरीत मला जबाब द्यायला बोलावलंय. तू येशील बरोबर? साहेबलोक दिसले की माझी बोबडी वळते. तुझा आवाज ऐकला की कोणीही ऐकून घेतं.”

“येईन की. त्यात काय!” तो म्हणाला. म्हणाला कसला, तो त्याचा रेडिओवरचा आवाज म्हणाला. तो आवाज कधी अडखळत नसे.

दुकानाबाहेर बर्फाच्या दोन भिंतींमधून एकच माणूस जाईल एवढी वाट होती. समोरून कोणी आलं की एकानं भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, पोट आत घ्यायचं, हवापाण्याचं दोन शब्द बोलायचं. जगाच्या या दक्षिण टोकाला जून म्हणजे हिवाळाच, पण गावातल्या म्हाताऱ्यांनीही असा हिवाळा पाहिला नव्हता. जूनच्या सुरुवातीला पडायला लागलेलं बर्फ थांबायचं नाव घेत नव्हतं. नळ बारीक धारेनं चालू ठेवले नाहीत तर सकाळी पाइप फुटलेले असत. गाड्या सुरू होत नव्हत्या, शाळा बंद होत्या. रानातल्या वस्त्यांवरून रेडिओवर वाचायला एलिसेओकडे येणारे निरोप दिवसेंदिवस आखूड होत चालले होते: मेंढ्या सापडल्या नाहीत, येऊ नका, आम्ही ठीक आहोत. आणि वारा मुळीच नव्हता. बाकी वर्षभर माणसाला उचलून नेणारा वारा याच दिवसांत कुठं दडी मारून बसला होता कोण जाणे. डोंगरांच्या मधल्या त्या वाटीत गावभरच्या चुलींचा धूर झाकण ठेवल्यासारखा कोंडून राहायचा. म्हणून लाल दिवस. लाल दिवशी लाकडाची चूल पेटवायची नाही, धुराड्यातून धूर दिसला की तपासनीस दारात. कचेरीतून पत्रक यायचं आणि एलिसेओ ते वाचायचा. नुसतं वाचायचा नाही. “शेजारच्या म्हाताऱ्यांचा विचार करा, लहान पोरांच्या छातीचा विचार करा,” असं पदरचंही घालायचा. लोकांना ते आवडायचं. बायका म्हणायच्या, डोन एलिसेओ सांगतात म्हणून तरी ऐकावंसं वाटतं. हे आठवलं तेव्हा तो भिंतीला पाठ लावून उभा होता. समोरून आलेला माणूस “नमस्कार, डोन एलिसेओ” म्हणून कधीच निघून गेला होता, तरी तो तसाच उभा राहिला.

परवाची ती दुपार आठवायची नाही असं त्यानं ठरवलं होतं, आणि ठरवल्यापासून तो दुसरं काही आठवतच नव्हता. रेडिओ स्टेशनवरून घरी आला तेव्हा त्याचे पाय बोटांपासून घोट्यापर्यंत त्याचे राहिले नव्हते. बायको मिर्ता मुलीच्या बाळंतपणाला उत्तरेत गेलेली. घर गार, भांड्यातल्या पाण्यावर साय धरावी तसा बर्फाचा पापुद्रा. त्यानं लोखंडी चुलीत लाकडं रचली. लाकूड ओलं होतं. उन्हाळ्यात, जानेवारीत, सगळं गाव लाकूड भरून ठेवतं तेव्हा हा “बघू, बघू” करत राहिला होता आणि मेमध्ये मिळेल ते घेतलं होतं. ओलं लाकूड पांढराफटक, जड धूर सोडतं हे इथल्या चार वर्षांच्या पोरालाही कळतं. त्यालाही कळत होतं. पण बाहेर बर्फ भुरभुरत होतं, धुकं होतं, कोणाला काय दिसणार? त्यानं हवेची झडप उघडली, पाय चुलीच्या दाराशी नेले, आणि सुखानं त्याच्या तोंडून आवाज निघाला. कोणीतरी ऐकलं असतं तर लाज वाटली असती असा आवाज. तेवढ्यात दारावर थाप पडली.

तो बाहेर आला आणि त्यानं आपल्यामागं दार ओढून घेतलं. ते दार ओढून घेणं त्याला आता पुन्हा पुन्हा दिसत होतं. ऊब बाहेर जाऊ नये म्हणून माणूस दार ओढून घेतोच. पण त्यानं त्यासाठी ओढलं नव्हतं. बाहेर दोघं होती. एक गाडीचालक, आणि एक तीन स्वेटर घातलेली, नाक लाल झालेली तरुण मुलगी. ती उत्तरेकडून नव्यानं बदलून आलेली दिसत होती. हातात कागद अडकवलेली फळी आणि पेन. पेनाची शाई गोठली होती म्हणून ती ते काखेत धरून गरम करत होती. त्यानं “नमस्कार, बोला” म्हटलं मात्र, मुलीचा चेहरा उजळला. “अय्या, तुम्ही ते रेडिओवालेच ना? तुमच्याच आवाजानं उठते मी!” मग तिनं ओशाळून सांगितलं की या कोपऱ्यावरून धुराची तक्रार आहे. दोन्ही घरांची धुराडी मधल्या भिंतीवर एकमेकांना चिकटून होती, आणि वर बघितलं तर नुसतं पांढरं, त्या पांढऱ्यात पांढरं. “कुठलं घर असेल, सर?” तिनं विचारलं. इतक्या विश्वासानं विचारलं की जणू पत्रकातला एखादा अवघड शब्द विचारत होती. तो काहीच बोलला नाही. त्याचे हात खिशात होते. त्यानं फक्त ओठ पुढं केले, किंचित, डावीकडे, डोन्या एदुविनाच्या दाराकडे.

बोटानं दाखवायचं नाही, हे त्याच्या घरात पहिलं शिकवलेलं. बोट गुरांना दाखवायचं, माणसाला नाही. आजीचे हात कणकेत असायचे आणि तिला मीठ हवं असलं की ती ओठ पुढं करायची, मुलं मीठ आणून द्यायची. आजोबा दारातून आत येताना कोणाचा मूड कसा आहे हे ती ओठांनी सांगायची. परका माणूस घरात बसलेला असला तरी त्याला कळायचं नाही, कारण ती घरातल्यांची खूण होती, मायेची. आजीच्या ओठांवर बारीक मिशा होत्या आणि ती तसं करायची तेव्हा त्या उभ्या राहायच्या, हे त्याला आत्ता, या वयात, बर्फाच्या भिंतीला टेकून आठवलं आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो आवाजाचा माणूस. आयुष्यभर त्यानं लोकांच्या बाळंतपणाचे, मरणाचे, हरवलेल्या घोड्यांचे निरोप तोंडानं सांगितले, आणि कधी एक नाव चुकलं नाही. खोटं बोलायची पाळी आली तेव्हा त्यानं तोंडातून चकार शब्द काढला नाही. म्हणजे बोललो नाहीच की, अशी पळवाट त्यानं तिथल्या तिथं, ओठ मागं घ्यायच्या आधीच, शोधून ठेवली होती. आपण एवढे चपळ आहोत हे त्याला माहीत नव्हतं.

मुलगी डोन्या एदुविनाकडे गेली. तिची चूल कोमट निघाली, राखेत निखारे निघाले. म्हातारीनं खोटं सांगितलं नाही. सकाळी पाइप गोठला होता, तो सोडवायला किटलीभर पाणी तापवण्यापुरती चूल पेटवली होती, असं तिनं सांगितलं. आणि लाकूड? लाकूड ओलं होतं. तिचं लाकूड गावात सगळ्यांत कोरडं असायचं, डिसेंबरात रचून ठेवलेलं. पण यंदा बर्फाच्या वजनानं तिच्या लाकडाच्या शेडचं छप्पर आत बसलं. त्या छपरावरचं बर्फ ओढून काढायला एलिसेओ रविवारी येणार होता. “येतोच डोन्या, तुम्ही काळजी करू नका,” असं त्यानंच म्हटलं होतं, आणि रविवारी त्याला सर्दी झाली होती. खरं तर तीही नव्हती झाली, नुसती होईल असं वाटलं होतं. तिनं एका शब्दानं विचारलं नाही. आणि आता ती बिचारी समजत होती की सकाळच्या तिच्या त्या मूठभर विस्तवाचा धूर दुपारपर्यंत गावभर लोंबकळत होता. पुन्हा पेटवता येऊ नये म्हणून तपासनिसांनी तिच्या चुलीच्या दारावर कागदी पट्टी चिकटवली. ती पट्टी नखानं सुटली असती. डोन्या एदुविनानं तिला हातही लावला नसता.

घरी येऊन एलिसेओ कोट न काढता बसला. भिंत पातळ होती. एरवी पलीकडून चुलीच्या लोखंडी दाराचा खणकन आवाज यायचा, मग लाकडाची पट्टकन फुटण्याची चाहूल. परवापासून काही नव्हतं. खोकला येत होता तेवढाच, आणि तोही उशीत दाबल्यासारखा, शेजाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून. ती स्वयंपाकघरात गादी आणून झोपत होती, पोटाशी गरम पाण्याची पिशवी घेऊन. हे तिनंच पावाच्या रांगेत हसत सांगितलं होतं, “जवान नवरा मिळाल्यासारखं वाटतं.” त्यानंही परवापासून चूल पेटवली नव्हती. आधी त्याला ते प्रायश्चित्त वाटलं, थोडं बरंही वाटलं. मग त्याच्या लक्षात आलं की तो कुडकुडल्यानं तिकडे काडीइतकीही ऊब जात नव्हती. हे नाटकही तो एकटाच बघत होता. तिला जाऊन सांगावं. काय सांगावं? “धूर माझा होता.” एवढं सांगता येईल. हे म्हणून पाहिलं तेव्हा ते जिभेवर नीट बसलं. माणसाला थंडी वाजते, माणूस चुकतो, ती क्षमा करील, एक शिवी हासडील आणि जेवायला बसवील. पण त्याच्या पुढचं वाक्य? “आणि मी त्यांना तुमचं दार दाखवलं.” ते वाक्य मनातल्या मनातही पूर्ण होत नव्हतं. उद्या कचेरीत ती मुलगी असणार. ती म्हणेल, सर, तुम्हीच तर... इथवर आलं की एलिसेओ उठून नळाची धार बघून यायचा. धार व्यवस्थित चालू असायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी पत्रक आलं: थोडा वारा सुटला आहे, लाल दिवस संपला, चुली पेटवायला हरकत नाही. त्यानं ते वाचलं. त्याचा आवाज काचेसारखा स्वच्छ लागला. समोर मायक्रोफोन होता, आणि गावातली सगळी स्वयंपाकघरं, डोन्या एदुविनाचंही, त्याच्या पलीकडे कान देऊन बसलेली होती. एक श्वास घेतला असता आणि बोलून टाकलं असतं तर झालं असतं. त्यानं श्वास घेतला आणि रानातल्या कोणा आउरोराच्या नावे आलेला निरोप वाचला, औषध बसनं पाठवलं आहे, पुलापाशी येऊन घ्यावं.

कचेरीकडे जाताना रस्त्यावर राख टाकलेली होती तरी पाय सटकत होते. डोन्या एदुविनानं चांगला कोट घातला होता आणि ओठांना थोडा रंग लावला होता.

“डोन्या एदुविना,” तो म्हणाला, “तो धूर तुमचा नव्हता. माझा होता. मी दुपारी चूल पेटवली होती. ओलं लाकूड.”

ती थांबली. मग तिनं त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. “गप रे! मला वाचवायला आता स्वतःचं नाव खराब करतोस? तुझी आई असती तर तिनं कान उपटला असता.”

“खरंच सांगतोय.”

“हो हो, आणि मी साध्वी आहे. निखारे माझ्या राखेत सापडले, तुझ्या नाही. चल, उशीर होतोय.”

आता ते दुसरं वाक्य बोललं असतं तर तिचा विश्वास बसला असता. त्याला ते स्पष्ट कळत होतं. पण तिच्या धपाट्याची ऊब पाठीवर राहिली होती आणि त्याला ती घालवायची नव्हती. मी सांगितलं, असं तो स्वतःला म्हणाला. तिनं ऐकलं नाही त्याला मी काय करणार? आणि असं म्हणता म्हणताच स्वतःची किळस येऊन त्याला थुंकावंसं वाटलं.

कचेरीत हीटर होता. त्याच्याभोवती कामाच्या निमित्तानं गावातली निम्मी माणसं रेंगाळत होती. टेबलामागं टक्कल पडलेला एक कारकून होता, आणि शेजारी तीच मुलगी, आज चार स्वेटरांत. डोन्या एदुविनानं मान खाली घालून सांगितलं, होय, मी पेटवली, चुकलं. एलिसेओ पुढं झाला. “तो धूर माझ्या घरचा होता,” तो म्हणाला. आवाज सबंध खोलीत भरला. हीटरजवळची माणसं वळून बघायला लागली. कारकून खुर्चीतून अर्धवट उठला, गहिवरला.

“डोन एलिसेओ, तुमचं मन मोठं आहे. शेजारणीसाठी कोण एवढं करतं हल्ली!”

“पण सर,” ती मुलगी म्हणाली. तिच्या बोलण्यात काही डाव नव्हता, ती नुसती गोंधळली होती. “तुम्हीच तर त्यांचं घर दाखवलंत. मी विचारलं तेव्हा. असं केलंत ना?” आणि तिनं आपले थंडीनं फुटलेले ओठ पुढं करून डावीकडे नेले.

एलिसेओला काहीतरी म्हणायचं होतं आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याचा आवाज जिथं असायला हवा तिथं नव्हता. डोन्या एदुविनानं त्या मुलीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. फार वेळ नाही. चुलीवरचं दूध उतू जातंय का बघावं तेवढाच वेळ. मग ती मोठ्यानं हसली.

“अगं पोरी, तू लहान आहेस अजून! तो कुठं दाखवत होता? तो लांबून मुका देत होता मला. पंचवीस वर्षं देतोय. मध्ये भिंत आहे म्हणून माझी अब्रू शाबूत आहे. आणि हे त्याच्या मिर्ताला कोणी कळवू नका, ती आधीच परगावी गेली आहे!”

कचेरी फुटली हसण्यानं. कारकुनाच्या हातातला चहा हिंदकळला. मुलगी कानापर्यंत लाल झाली आणि “सॉरी, सॉरी” म्हणत स्वतःही हसली. कोणीतरी एलिसेओच्या खांद्यावर थाप मारली, “छुपा रुस्तम!” डोन्या एदुविना विनोद केला की शेजारच्याच्या दंडावर चापट मारायची, तिची सवयच होती. आज तिनं दोन्ही हात मांडीवर एकावर एक ठेवले होते. कारकुनानं समज देऊन प्रकरण मिटवलं, पट्टी काढून टाका म्हणाला, आणि दाराशी पोचवायला आला.

बाहेर वारा खरंच सुटला होता, छपरांवरचं बर्फ भुरुभुरु उडत होतं. कचेरीच्या पायऱ्या उतरून ती रस्त्याच्या कडेला थांबली आणि हातमोजे चढवायला लागली. एक बोट चुकीच्या जागी गेलं, तिनं काढून पुन्हा घातलं.

“डोन्या एदुविना,” तो म्हणाला. “मला...”

“आत बोलले ते तुझ्यासाठी नाही हो,” ती म्हणाली. ओरडली नाही. “तीन रात्री गारठले त्याचंही काही नाही. थंडी कोणाला नाही वाजत? पण मी पंचवीस वर्षं या गावात सांगत आले, मला शेजार चांगला लाभला म्हणून. बहिणीला सांगितलं, मुलीला सांगितलं. ती म्हणत होती, आई, एकटी कशाला राहतेस, माझ्याकडे ये. तिला म्हटलं, एकटी कुठं, एलिसेओ आहे की भिंतीपलीकडे. आता या वयात मी खोटी ठरू सगळ्यांसमोर?”

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि पापणीवर गार झालं. त्याला वाटलं, तिनं आता दोन मुस्काटात माराव्यात.

“लोकांसमोर मला हाक मार,” ती म्हणाली. “मी ओ देईन. लोक नसतील तेव्हा मारू नकोस.”

एवढ्यात रस्त्याच्या पलीकडून मारुकाचा नवरा पिठाचं पोतं ओढत येत होता. त्यानं दोघांना पाहिलं आणि हात उंचावून ओरडला, “काय डोन्या, सुटलात का? आमच्या रेडिओनं सोडवलं ना?”

“सोडवलं तर! याच्यासारखा शेजारी शोधून सापडायचा नाही,” डोन्या एदुविना हसून ओरडली आणि तिनं एलिसेओच्या दंडात हात घातला. दोघं राखेवरून जपून पावलं टाकत निघाली. कोटाच्या जाड बाहीतूनही त्याला तिची बोटं कळत होती, घट्ट धरलेली. मारुकाचा नवरा बराच वेळ त्यांच्या बरोबरीनं पलीकडून चालला, मग कोपऱ्यावर वळला. तो दिसेनासा होईपर्यंत तिचा हात तिथं होता.